लहरींची वांटणी

भाताची कापणी उरकली म्हणजे डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली पाड्यांवर तारपा वाजूं लागतो. या भागांतील गांव म्हणजे एकाच जागीं दाटलेली वस्ती नव्हे. एका गांवाचे अनेक पाडे असतात, आणि दोन पाड्यांच्या मध्यें एखादी टेंकडी, ओढा किंवा सागाचें रान असतें. एका पाड्यावरील तारप्याभोंवतीं नाचाचें वर्तुळ फिरत असतां टेंकडीपलीकडील पाड्यावर दुसरा तारपा घुमत असला, तरी कोणाचाही ताल चुकत नाहीं. मात्र हेच दोन तारपे एकाच अंगणांत दोन निराळ्या चालींवर वाजूं लागले, तर दोन्ही चाली वायां जातील आणि नाच मोडेल. जें स्वरस्थान एके जागीं एकालाच वापरतां येतें, तेंच पुरेशा अंतरावर दुसऱ्यालाही निर्वेधपणें वापरतां येतें, एवढाच या दृश्याचा बोध आहे. आज कोट्यवधि माणसें हातांतील मोबाइल फोनवर एकाच वेळीं बोलतात, त्याच्या मुळाशीं हाच बोध आहे.

बोध साधा खरा. पण तो बिनतारी विद्येच्या उपयोगांत येण्यास अर्धें शतक लागलें. आणि आश्चर्य हें कीं, ज्या प्रदेशांत वस्ती मुळांतच पाड्यापाड्यांनीं विभागलेली आहे, जेथें लहरींची टंचाई भासण्याचें वास्तविक कारण नाहीं, त्याच प्रदेशांत फोनचा आवाज वारंवार क्षीण होतो. हें कोडें उलगडावयाचें तर लहरींच्या वांटणीची कथा प्रारंभापासून पाहिली पाहिजे.

हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८८७-८८ च्या सुमारास विद्युच्चुंबकीय लहरी प्रयोगानें सिद्ध केल्या. १८९५ सालीं जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास या लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून दाखविल्या, आणि त्यानंतर लवकरच मार्कोनीनें इंग्लंडांत बिनतारी संदेशाचा व्यवसाय उभा केला. त्या काळचा प्रक्षेपक ठिणगीवर चालणारा होता. ठिणगी पडली कीं तिच्या लहरी सतारीच्या एका तारेप्रमाणें एकाच स्वरांत उमटत नसत. ढोलावर टिपरी पडावी त्याप्रमाणें त्या सर्व बाजूंना आणि सर्व स्वरांत फांकत. त्यामुळें एका टापूंत एकानें संदेश पाठवावयास घेतला कीं इतरांना गप्प बसणें भाग पडे. १९०१ सालीं अमेरिकेच्या किनाऱ्यावर शिडाच्या नौकांची प्रसिद्ध शर्यत झाली. तिची वार्ता बिनतारी यंत्रानें देण्यास परस्परांच्या स्पर्धक कंपन्या सरसावल्या, त्यांनीं एकदमच ठिणग्या पाडल्या, आणि किनाऱ्यावरील ऐकणाऱ्यांच्या पदरीं निव्वळ खरखर आली.

यावरील पहिला उपाय स्वर जुळविण्याचा होता. ऑलिव्हर लॉज यांनीं १८९७ मध्यें आणि मार्कोनीनें १९०० मध्यें त्याचीं पेटंटें घेतलीं. प्रक्षेपक व ग्राहक हीं दोन्ही यंत्रें एकाच कंपनसंख्येला लावून ठेवावयाचीं, म्हणजे इतर स्वरांतील गलबला ग्राहकास फारसा ऐकूं येत नाहीं. दर सेकंदास लहरीचीं किती आंदोलनें होतात, ती तिची कंपनसंख्या; एक हर्ट्झ म्हणजे सेकंदास एक आंदोलन आणि एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास दहा लक्ष. या शोधामुळें आकाशाला जणूं बांध घालतां आले. पूर्वीं मोकळें माळरान होतें, तेथें आतां खाचरें पडलीं. आणि खाचरें पडलीं म्हणजे तीं कोणाचीं हा प्रश्न आलाच.

त्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें दिलें. १९०६ च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय करारानें जहाजांच्या संदेशांसाठीं ३०० व ६०० मीटर लांबीच्या लहरी नेमून दिल्या. परंतु नुसती लहर नेमून भागत नाहीं, तिच्यावर कोणीं केव्हां बोलावें याचीही शिस्त लागते, हें एप्रिल १९१२ मध्यें भयंकर रीतीनें दिसून आलें. टायटॅनिक जहाजाचा तारवाला उतारूंचे खाजगी संदेश किनाऱ्यावर पाठविण्यांत गुंतला होता. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजानें पुढें हिमखंड असल्याचें कळविण्यास मध्येंच तोंड घातलें, तेव्हां त्याला गप्प राहण्यास सांगण्यांत आलें. थोड्या वेळानें कॅलिफोर्नियनचा तारवाला यंत्र बंद करून निजला. टायटॅनिक हिमखंडावर आदळलें आणि त्याची आर्त हांक सुरू झाली, तेव्हां सर्वांत जवळच्या जहाजांपैकीं एकावर ती ऐकणारा कान जागा नव्हता. दीड हजारांवर माणसें बुडालीं. त्याच वर्षीं लंडनच्या परिषदेनें संकटाच्या हांकेला सर्व संदेशांहून अग्रहक्क असल्याचें व जहाजांवर पहारा ठेवण्याचे नियम कडक केले. पुढें १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनें १० किलोहर्ट्झपासून ६० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा जहाजें, ध्वनिक्षेपण, तारखातें अशा कामांत वांटून दिला. आजही वांटणीचा सांगाडा तोच आहे. पट्टा मात्र हजारों पटींनीं वाढला आहे.

हिंदुस्थानांत या वांटणीची मालकी प्रथमपासून सरकारकडे राहिली. १८८५ च्या तारखात्याच्या कायद्यानें संदेश पाठविण्याचा एकाधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला होता. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें ध्वनिक्षेपण केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा असून खात्रीची मजल सुमारें तीस मैलांची होती. मुंबईपासून लोहमार्गानें सुमारें सव्वाशें किलोमीटरवर असलेलें डहाणू त्या मजलेच्या फार पलीकडे राहिलें. पुढें १९३३ चा बिनतारी कायदा झाला आणि परवान्यावांचून ग्राहकयंत्र बाळगणें हाही गुन्हा ठरला. लहर ही सत्तेची वस्तु कशी झाली होती, याचा दाखला १९४२ च्या आंदोलनांत मिळाला. उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर चालविला. जागा बदलीत, पोलिसांच्या शोधयंत्रांना चुकवीत त्यांनीं नोव्हेंबरपर्यंत तो जिवंत ठेवला, आणि सरकारनें त्याच लहरीवर गोंगाट सोडून तो बुजविण्याचा यत्न केला. शर्यतीच्या किनाऱ्यावर जी खरखर अपघातानें झाली होती, ती येथें शस्त्र म्हणून वापरली गेली.

इथपर्यंतची व्यवस्था एका बोलणाऱ्यानें अनेकांना ऐकविण्याची होती. प्रत्येकाला बोलावयाचें व प्रत्येकाला ऐकावयाचें असा प्रसंग आला, तेव्हां ती तोकडी पडली. १७ जून १९४६ रोजीं अमेरिकेंत सेंट लुइस शहरीं मोटारींतून फोन करण्याची सोय निघाली. शहराच्या मध्यभागीं एक उंच मनोरा व बलाढ्य प्रक्षेपक, आणि साऱ्या शहरास मोजक्या लहरी, अशी तिची रचना होती. एका लहरीवर एकाचें संभाषण चालू असेतों शहरांतील दुसऱ्या कोणालाही ती मिळत नसे. तीस वर्षांनंतरही न्यूयॉर्कसारख्या महानगरांत अशा बाराच लहरी होत्या. त्यांवर ५४३ ग्राहकांची सोय होई आणि सुमारें ३,७०० लोक नांव नोंदवून ताटकळत होते.

वास्तविक यावरील तोड १९४७ च्या डिसेंबरांतच कागदावर उतरली होती. बेल प्रयोगशाळेंतील डी. एच. रिंग यांनीं एका टिपणांत सुचविलें कीं, एका उंच मनोऱ्याऐवजीं अनेक ठेंगणे मनोरे उभारावे, प्रत्येकाचा आवाज मुद्दाम लहान ठेवावा, आणि शहराचे मधमाशीच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी कप्पे पाडावे. शेजारच्या कप्प्यांना निराळ्या लहरी द्याव्या. परंतु कांहीं कप्पे ओलांडून गेल्यावर पहिलीच लहर पुन्हा वापरावी. सात कप्प्यांचा एक गट धरला, तर एकच लहर वापरणाऱ्या दोन मनोऱ्यांतील अंतर कप्प्याच्या त्रिज्येच्या सुमारें साडेचार पट ठेवावें लागतें. टेंकडीपलीकडचा तारपा म्हणतात तो हाच. एक पाडा म्हणजे एक कप्पा, आणि मधलें अंतर हीच त्याची भिंत. गिऱ्हाइकें वाढलीं तर नवी लहर मागण्याची गरज नाहीं. कप्पे लहान करावे, मनोरे वाढवावे, म्हणजे तीच लहर अधिक वेळां उपयोगांत येते. ही कल्पना चालत्या मोटारीला एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांत न तुटतां सोंपवून देऊं शकणाऱ्या स्वयंचलित यंत्रांची वाट पाहत राहिली. शेवटीं १९७९ च्या अखेरीस तोक्यो शहरांत तिची पहिली सार्वजनिक सेवा सुरू झाली.

भारतांत मोबाइल फोन ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्यास अवतरला आणि त्याच वर्षीं मुंबईंतही दोन कंपन्यांनीं सेवा चालू केली. येथें युरोपांत ठरलेली जी.एस.एम. पद्धति स्वीकारण्यांत आली. तिच्यांत वांटणीची दुसरी पायरी दिसते. लहरींच्या पट्ट्याचे २०० किलोहर्ट्झ रुंदीचे तुकडे पाडावयाचे, आणि प्रत्येक तुकड्यावर आठ जणांनीं पाळीपाळीनें बोलावयाचें. उन्हाळ्यांत आटलेल्या विहिरीवर आठ बायका एकाच दोराला क्रमानें हात लावतात, तशीच ही पाळी. भेद इतकाच कीं येथें एक पाळी सेकंदाच्या सुमारें सतराशेंव्या भागाची असते आणि आठही पाळ्यांचा फेरा साडेचार सहस्रांश सेकंदांत पुरा होतो. पाळी इतक्या लवकर परत येते कीं आपलें बोलणें तुटक जात आहे, हें बोलणाऱ्याच्या ध्यानांतही येत नाहीं.

पाळी पाळावयाची तर वेळेचा हिशेब नेटका असावा लागतो. दूरच्या फोनाची लहर मनोऱ्याशीं पोंचण्यास क्षणाचा अंश अधिक लागतो. म्हणून मनोरा त्यास थोडें आधीं बोलण्याची आज्ञा देतो. अशा ६३ पायऱ्या ठरविल्या असून एकेक पायरी सुमारें ५५० मीटरांची आहे. त्यामुळें या पद्धतीच्या साध्या मांडणींत मनोऱ्यापासून ३५ किलोमीटरपलीकडील फोनास पाळीच मिळत नाहीं. झाई किंवा धाकटी डहाणू येथून खोल समुद्रांत जाणाऱ्या मच्छीमाराला याचा अर्थ स्पष्ट आहे. मोकळ्या दर्यावर मधें डोंगर नाहीं, झाड नाहीं. किनाऱ्यावरील मनोऱ्याची लहर हलकीशी पोंचतही असेल. तरीही त्या रेषेपलीकडे उत्तर देण्याची सोय नाहीं, कारण त्याचा शब्द दुसऱ्याच्या पाळींत जाऊन पडतो.

तिसरी रीत भाषेची म्हणतां येईल. डहाणूच्या बाजारांत एकाच वेळीं मराठी, गुजराती, वारली आणि मांगेल्यांची बोली कानीं पडते. सारे एकदम बोलत असतात. तरीही प्रत्येकजण आपल्या बोलीचा धागा पकडून बाकीचा गलबला सोडून देतो. सी.डी.एम.ए. पद्धतींत हेंच होतें. सर्वजण एकाच रुंद पट्ट्यावर एकदम बोलतात, पण प्रत्येकाच्या शब्दावर निराळ्या सांकेतिक आंकड्यांची छाप असते आणि ग्राहकयंत्र ती छाप ओळखून नेमका आपला शब्द वेंचून काढतें. मात्र एक पथ्य आहे. बाजारांत एकजण ओरडूं लागला कीं बाकीच्यांची बोली बुडते. म्हणून जवळच्या फोनानें कुजबुजावें आणि दूरच्यानें मोठ्यानें बोलावें, हें मनोरा दर सेकंदास शेंकडों वेळां ठरवून देतो. डिसेंबर २००२ मध्यें या पद्धतीची सेवा भारतांत मोठ्या प्रमाणावर निघाली. पुढें ती मावळली तरी तिच्यांतील तत्त्व तिसऱ्या पिढीच्या फोनांत राहिलें. २०१६ नंतर घरोघर पोंचलेल्या चौथ्या पिढीनें पट्ट्याचे १५ किलोहर्ट्झचे बारीक धागे केले, आणि दर सहस्रांश सेकंदास कोणत्या फोनाला किती धागे द्यावयाचे तें गरजेप्रमाणें ठरविण्याची सोय केली. १ ऑक्टोबर २०२२ रोजीं भारतांत आरंभलेली पांचवी पिढी याच वाटेवरची पुढची मजल आहे.

एवढें कौशल्य असूनही गरजेच्या क्षणीं फोन कां लागत नाहीं, याचें उत्तर एका गणितांत आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनीं १९१७ सालीं तें मांडलें. सर्व ग्राहक एकाच वेळीं बोलत नाहींत, या गृहीतावर कोणतेंही टेलिफोन खातें उभें असतें. आरंभींच्या काळीं महाराष्ट्रासारख्या मंडळांत एका कंपनीस प्रत्येक दिशेस ४.४ मेगाहर्ट्झ मिळत. त्याचे २२ तुकडे होतात. ते बारा भागांच्या गटांत वांटले, तर मनोऱ्याच्या एका बाजूस फार तर दोन तुकडे, म्हणजे सोळा पाळ्या येतात. त्यांतील एकदोन नियंत्रणाच्या कामीं जाऊन बोलण्यास चौदा उरतात. गर्दीच्या तासांत प्रत्येकजण सरासरी दीड मिनिट बोलतो आणि शंभरांतील दोघांना नकार मिळाला तरी चालेल, असें धरलें, तर या चौदा पाळ्यांवर सुमारें सव्वातीनशें ग्राहक सुखानें नांदतात. पण ते सव्वातीनशें एकाच मिनिटांत फोन उचलूं लागले, तर चौदा बोलतील आणि तीनशेंहून अधिक तिष्ठत राहतील.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यांतील धुंदलवाडी व तलासरीचा परिसर भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांनीं हादरत राहिला. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. भेगा पडलेलीं घरें सोडून माणसांनीं थंडीच्या रात्री अंगणांत व तंबूंत काढल्या. एर्लांगचें गृहीत ज्या क्षणीं खोटें ठरतें तो क्षण हाच होय. जमीन हालली कीं सर्वांना एकाच वेळीं एकच गोष्ट विचारावयाची असते: तिकडे सारे सुखरूप आहेत ना? शहरांत कप्पे लहान आणि मनोरे पुष्कळ असल्यामुळें हा भार बऱ्याच ठिकाणीं विभागला जातो. विरळ मनोऱ्यांच्या प्रदेशांत एकाच मनोऱ्यावर अनेक पाडे अवलंबून असतात, आणि त्याची वीज गेली तर चौदा पाळ्याही राहत नाहींत.

या डोंगरपट्टींत खऱ्या वार्तेची किंमत पूर्वींपासून ठाऊक आहे. मे १९४५ मध्यें तलासरीजवळ झरी येथें वारल्यांची मोठी सभा झाली व वेठीविरुद्ध लढा उभा राहिला, तेव्हां तिचा निरोप पाड्यापाड्यांतून पायीं फिरला होता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, गोदावरी परुळेकर तलवाडा येथें येत असल्याचा खोटा निरोप पसरला. हजारों वारली तेथें जमले, पोलिसांनीं गोळी चालविली आणि पांच माणसें प्राणांस मुकलीं. निरोप खरा कीं खोटा, हें पडताळून पाहण्याचें साधन त्या रात्रीं कोणाच्याही हातीं नव्हतें. दूरच्या माणसाचा शब्द त्याच्याच तोंडून ऐकतां येणें ही केवळ सुखसोय नव्हे, हें त्या पिढीस वेगळें सांगावें लागलें नसतें.

तर मग डहाणू-तलासरींत आज उणीव कशाची आहे? लहरींची नव्हे. मुंबईंत लहरींची खरी टंचाई आहे. तेथें एकेका चौरस किलोमीटरांत हजारों माणसें बोलत असतात आणि एकेक मेगाहर्ट्झ मोलाचा असतो. परंतु वांटणीच्या नकाशावर देशाचे २२ भाग आहेत. तलासरी ज्या भागांत मोडतें त्यांतच पुणें, नागपूर आणि गोवाही येतात. एखाद्या कंपनीनें लिलावांत लहर घेतली म्हणजे ती सबंध मंडळासाठीं घेतली जाते. पुण्यास तिचा क्षण न् क्षण उपयोग होतो. तलासरीच्या एखाद्या खोऱ्यांत मात्र कंपनीचा मनोरा नसला, तरी दुसऱ्या कोणास ती वापरण्याची मोकळीक नसते. सेवा पसरविण्याचें बंधन परवान्यांत असतें खरें. पण तें बहुधा जिल्ह्याचीं व तालुक्याचीं ठिकाणें मोजून पुरें होतें, पाडे मोजून नव्हे. पुन्हा तलासरीच्या लगत गुजरातचा उंबरगांव तालुका व दादरा-नगर हवेली आहे, आणि तीं दोन्हीं गुजरातच्या दूरसंचार मंडळांत येतात. लहर सीमेच्या दगडाशीं थांबत नाहीं. रोमिंगचा दर निराळा होता त्या काळांत, स्वतःच्या अंगणांत उभ्या असलेल्या माणसाच्या फोनानें पलीकडचा मनोरा धरला, कीं त्याला परप्रांतीं गेल्याचा दर पडावा, अशी ही रचना होती.

लहरी मोकळ्या पडून आहेत, हें नुसतें अनुमान नाहीं. त्याची मोजणी झाली आहे, आणि त्यावरचा एक महत्त्वाचा प्रयोग याच पालघर जिल्ह्यांत झाला. दूरचित्रवाणीसाठीं राखलेला ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा आठ-आठ मेगाहर्ट्झच्या पंधरा वाहिन्यांचा आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनीं देशांतील प्रक्षेपकांचा हिशेब मांडून २०१४ सालीं दाखविलें कीं, भारतांत जवळजवळ कोठेंही या पंधरांपैकीं निदान बारा वाहिन्या रिकाम्या असतात. त्याच दशकांत त्यांनीं पालघर तालुक्यांतील खामलोली व भोंवतालच्या गांवांत, प्रयोगापुरता परवाना घेऊन, या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेऊन दाखविलें. या लहरींचा गुण असा कीं त्या लांब असल्यामुळें झाडीला फारशा अडत नाहींत. ज्या वाटेवर वायफायची आंखूड लहर सागाच्या पानांत विरून जाते, त्या वाटेवर ही लहर कांहीं किलोमीटरांची मजल मारते. २०११ सालीं मंजूर झालेल्या सरकारी योजनेंतून प्रकाशतंतूची तार ग्रामपंचायतीपर्यंत आणण्याचें काम हातीं घेण्यांत आलें होतें. पंचायतीपासून पाड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा या लहरी जोडूं शकत होत्या.

प्रयोगाचें नांव ग्राममार्ग. पुढें या कामाचा विस्तार जिल्ह्यांतील पंचवीस गांवांपर्यंत झाला, आणि २०१७ सालीं मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत त्याला पहिलें पारितोषिक मिळालें. परंतु प्रयोगाचा परवाना संपतो आणि व्यवसायाचा परवाना मिळावयाचा तर लहर मोकळी असूनही नियम मोकळा नसतो. दूरदर्शननें आपले बहुतेक जुने भूप्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. तेव्हांपासून या पट्ट्यांतील मोकळी जागा वाढलीच आहे. गांवांना ती सर्रास वापरूं देणारी व्यवस्था मात्र त्या प्रयोगांतून उभी राहिली नाहीं. याच्या उलट २००५ सालीं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यावांचून सर्वांस खुला करण्यांत आला, आणि आज घरोघर, स्थानकास्थानकावर चालणारें वायफाय त्याच्यावर उभें आहे. तेथें कोणी मालक नाहीं. बोलण्यापूर्वीं क्षणभर ऐकावें, कोणी बोलत असेल तर थांबावें, आणि आपला आवाज ठरल्या मर्यादेंत ठेवावा, एवढ्या शिष्टाचारावर लक्षावधि यंत्रें नांदतात. गांवाचें गायरान जसें चालतें तसाच हा व्यवहार आहे. कोणाचें कुंपण नाहीं, पण नियम सर्वांस ठाऊक असतो.

कायद्याची भूमिकाही शतकभरांत पालटली आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. २ फेब्रुवारी २०१२ रोजीं त्याच न्यायालयानें १२२ परवाने रद्द केले आणि अशा मालमत्तेचें वांटप पारदर्शक रीतीनें झालें पाहिजे, असें बजाविलें. त्यानंतर लिलाव ही नेहमींची रीत झाली. लिलावानें पक्षपात थांबतो, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु जो अधिक मोल देईल त्याला लहर मिळते, आणि अधिक मोल देणारा तिचा उपयोग अधिक पैसा जेथें असेल तेथें करतो. १८८५ व १९३३ च्या कायद्यांच्या जागीं संसदेनें २०२३ सालीं जो दूरसंचार कायदा संमत केला, त्यांतील लहरींविषयींचीं कलमें जुलै २०२४ पासून अमलांत आलीं. त्यांत घेतलेली लहर दुसऱ्याशीं वांटून वापरण्याची व भाड्यानें देण्याची तरतूद आहे. पुरेशा कारणावांचून पडून राहिलेली लहर सरकारला परत घेतां येईल, असेंही कलम आहे. जमिनीच्या इतिहासांत कसेल त्याची जमीन हें तत्त्व मान्य होण्यास किती काळ लागला, हें ज्या तालुक्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या कलमाचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाहीं. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. पडीक लहरीची मोजणी सबंध मंडळाच्या हिशेबानें झाली, तर कोणतीच लहर पडीक ठरणार नाहीं, कारण पुण्याकडे ती वापरांत असतेच. मोजणी खोऱ्याखोऱ्यानें आणि पाड्यापाड्यानें झाली, तरच कलमाला अर्थ येईल.

हर्ट्झच्या प्रयोगशाळेपासून पांचव्या पिढीच्या फोनापर्यंत शास्त्रज्ञांनीं एकच लहर अनेकांना पुरविण्याच्या चार रीती शोधल्या. स्वर वेगळा ठेवावा, पाळी लावावी, सांकेतिक छाप द्यावी, आणि अंतर राखून तीच लहर पुन्हा वापरावी. यांतील चौथी रीत सर्वांत फलदायी ठरली, आणि तिला लागणारें अंतर डहाणू-तलासरीच्या टेंकड्यांनीं आधींच राखून ठेविलें आहे. उणें आहे तें मनोऱ्याचें, त्याच्या विजेचें, आणि रिकामी लहर जवळच्या माणसाला वापरूं देणाऱ्या नियमाचें. धुंदलवाडीच्या एखाद्या पाड्यावर पुन्हा रात्रीं जमीन हालेल, अंगणांत आलेली म्हातारी वापीच्या कारखान्यांत कामाला गेलेल्या मुलाला फोन लावील, आणि तो लागेल कीं नाहीं, हें आकाशांत जागा आहे कीं नाहीं यावर अवलंबून राहणार नाहीं. जागा आहे, हें खामलोलीच्या प्रयोगानें केव्हांच दाखविलें आहे.